पाणी कोमट असतं

संपादकांचा फोन आला तेव्हा मी पांडवलेणीच्या पायऱ्यांवर उभी राहून माणसं मोजत होते. "मंदाताई, इतकी वर्षं लोकांना नाशिक दाखवताय, आमच्या दिवाळी अंकाला लिहा की त्यावर," ते म्हणाले. म्हटलं, लिहिते, पण आधी माझा सतरावा माणूस कुठे गेला ते बघू द्या. सतरावा माणूस खाली लिंबूसरबताच्या गाडीपाशी सापडला. तो वर चढलाच नव्हता. संध्याकाळी निरोप घेताना मात्र त्यानेच सगळ्यांत आधी हात जोडले आणि म्हणाला, "लेणी फारच सुंदर आहेत हो, ताई."

सत्तावीस वर्षं मी 'नाशिक दर्शन'च्या गाडीवर गाइड आहे. सकाळी सातला स्टँडजवळून निघायचं आणि संध्याकाळी सातला तिथेच आणून सोडायचं. बाहेरच्यांना वाटतं, गाइड म्हणजे माहिती सांगणारी बाई. माहिती काय, आता प्रत्येकाच्या फोनमध्ये असते, आणि माझ्यापेक्षा जास्त असते. आमचं खरं काम म्हणजे लोकांचं ऊन, भूक आणि चपला सांभाळणं. पांडवलेणी सगळ्यांत आधी, कारण दहानंतर पायऱ्या चढताना लोक पांडवांनाच नावं ठेवायला लागतात. काळाराम मंदिर अकराच्या आत, कारण नंतर आवारातला दगड असा तापतो की भाविक देवापुढे नाचत नाचत जातात. लेणी उतरल्यावर लगेच मिसळ, कारण तेव्हा माणूस तिखटाची तक्रार करण्याच्या अवस्थेत नसतो. सीतागुंफेची वाट अरुंद, कोणाला आत पाठवायचं आणि कोणाला "तुम्ही जरा बॅगा सांभाळता का?" म्हणून मानाने बाहेर बसवायचं, हे मला ते गाडीत चढतानाच कळतं. आणि वाइनरी सगळ्यांत शेवटी. एकदा एका नव्या जोडप्याच्या हट्टाखातर ती आधी घेतली, तर नवरोबा सीतागुंफेत शिरले ते बाहेर यायलाच तयार होईनात. आत गार वाटतंय म्हणाले. मागे तीस माणसांची रांग होती.

आमच्या धंद्यातली एक गोष्ट मात्र कोणी कबूल करत नाही, ती आज करून टाकते. जे आपण कधी अनुभवलं नाही, ते अनुभवल्यासारखं सांगावं लागतं. मी वाइनचा थेंब चाखलेला नाही, पण "शेवटी जिभेवर मिरीची चव रेंगाळते बघा" हे वाक्य मी अशा काही थाटात टाकते की लोक डोळे मिटून ती चव शोधतात, आणि त्यांना ती सापडतेही! यात मला कधी काही गैर वाटलं नाही. गेल्या रंगपंचमीला मात्र हे प्रकरण माझ्या गळ्याशी आलं, अगदी खरोखर गळ्याशी.

त्याआधी रहाड म्हणजे काय ते सांगायला हवं. जुन्या नाशकात काही चौकांत आणि गल्ल्यांत रस्त्याच्या खाली दगडात बांधलेले चौकोनी हौद आहेत. पेशव्यांच्या काळापासूनचे, असं म्हणतात. त्यांना रहाड म्हणायचं. वर्षभर त्यांच्यावर जाड ओंडके टाकून माती लोटलेली असते. वरून स्कूटर जातात, भाजीवाले बसतात, आणि खाली काही आहे हे नवख्याला सांगूनही पटत नाही. रंगपंचमीच्या आधी ती माती उपसतात, हौद धुतात, पाण्याने भरतात आणि मोठाल्या कढयांत फुलांचा रंग उकळून त्यात ओततात. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला, कोणाचा पिवळा, कोणाचा केशरी, कोणाचा गुलाबी. पूजा झाली की लोक काठावरून आत उड्या मारतात. त्या उडीला धप्पा म्हणतात. एक दिवस हा सगळा जल्लोष, मग पुन्हा ओंडके, पुन्हा माती, पुन्हा भाजीवाले.

हे सगळं मी सत्तावीस वर्षं बंद रहाडीवर उभी राहून लोकांना सांगत आले. शेवटचं वाक्य ठरलेलं. "आणि पाणी कसं असतं माहीत आहे? कोमट! आईने न्हाऊ घातल्यासारखं वाटतं." इथे बायकांचे डोळे भरून येतात. मी स्वतः रहाडीत कधी पाऊल टाकलेलं नव्हतं. एक तर पंचमी हा माझा धंद्याचा दिवस; हातात झेंडी धरून, साडी सांभाळत लांब उभं राहायचं. दुसरं खरं कारण म्हणजे पाण्याची भीती. माझं माहेर दिंडोरीजवळचं. लहानपणी मळ्यातल्या विहिरीत घसरून पडले होते, चुलत्याने वेणीला धरून वर ओढलं. तेव्हापासून पोटरीच्या वर पाणी आलं की माझी वेणी दुखायला लागते.

तर, गेल्या माघात दिल्लीहून एका नितीन नावाच्या गृहस्थांचा फोन आला. घरचं मराठी, पण दिल्लीत वाढलेलं. "आईला रंगाच्या दिवशी नाशिक बघायचंय. तिचं लहानपण तिकडचं आहे. होळीची तारीख लिहून घ्या." मी तेव्हा गाडीत होते, पुढच्या सीटवरचं पोर ओकत होतं. मी तारीख लिहिली आणि फोन ठेवला.

नाशकातला कोणताही गाइड, रिक्षावाला, लॉजवाला अशा वेळी एक प्रश्न विचारतोच: धुळवड की पंचमी? कारण उत्तरेकडे होळीच्या दुसऱ्या दिवशी रंग खेळतात. आमच्याकडे त्या दिवशी वीरांच्या वेशात पोरं मिरवतात, देवांना गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, नेतात, पण रंगाला खरा हात लागतो तो चार दिवसांनी, पंचमीला. हा प्रश्न मी हजारदा विचारला असेल. त्या दिवशी तेवढा राहिला.

धुळवडीच्या सकाळी ती दोघं हॉटेलच्या दारात उभी होती. नितीनभाऊ पांढऱ्याशुभ्र कुडत्यात, फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला. शेजारी त्यांची आई, विमलकाकू. चौऱ्याहत्तर वर्षांच्या, ठेंगण्या, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, अंगावर जुनं फिकट लुगडं. ते रंगासाठीच आणलं होतं हे मला लगेच कळलं. रस्त्यावर सगळी माणसं कोरडी ठाक.

"मंदाताई, रंग कुठेय?" नितीनभाऊंनी विचारलं.

मी काही बोलायच्या आत काकूच म्हणाल्या, "अरे, आज धुळवड आहे. मी तुला पंचमी म्हटलं होतं."

"तू रंगाचा दिवस म्हणालीस, आई. रंगाचा दिवस म्हणजे होली."

"तुझ्या दिल्लीत."

चूक कोणाची यावर मायलेकांचं सुरू होणार तेवढ्यात मी हात वर केला आणि सांगून टाकलं, "चूक माझी. मी विचारायला हवं होतं." त्यांचं परतीचं विमान दुसऱ्या दिवशी होतं. नितीनभाऊंना ऑफिस होतं. आता झालं ते झालं, मंदिरं बघू, मिसळ खाऊ, असं ते म्हणायला लागले. काकूंनी फक्त एवढंच विचारलं, "आमच्या गल्लीत नेता का?"

गल्लीत रहाड अजून झाकलेलीच होती. काकूंचं घर कधीच गेलं होतं, तिथे चार मजली इमारत आणि खाली मोबाइलचं दुकान. काकू दुकानाच्या पाटीच्या वर बोट दाखवत म्हणाल्या, "इथे आमची खिडकी होती. पंचमीला आम्ही सगळ्या पोरी त्या खिडकीत. दोन्ही भाऊ खाली रहाडीत. मुलींनी उतरायचं नसायचं तेव्हा. ते दोघे पिवळेजर्द होऊन घरी यायचे, आई बंब पेटवून तयार असायची. मी विचारायचे, आतून कसं वाटतं रे? तर म्हणायचे, तुला सांगून काय उपयोग!" भाऊ दोघेही आता नव्हते. काकू लग्न होऊन दिल्लीला गेल्या त्या गेल्याच, सुट्ट्या कधी पंचमीला पडल्या नाहीत.

मला काय बोलावं सुचेना, आणि सुचेनासं झालं की गाइडच्या तोंडून पाठ केलेलं बाहेर पडतं. मी माझं सगळं भाषण म्हटलं. ओंडके, कढया, धप्पा, आणि शेवटी, "पाणी कोमट असतं, आईने न्हाऊ घातल्यासारखं."

काकूंनी माझ्याकडे रोखून बघितलं. "तुम्ही उतरता?"

"दरवर्षी!" मी म्हटलं.

"छान," काकू म्हणाल्या, आणि पायाखालच्या मातीकडे बघत राहिल्या.

इथे मला एक जुनी गोष्ट आठवली. फार वर्षांपूर्वी एका म्हाताऱ्या प्रवाशाने मला गाडी पाच मिनिटं एका शाळेपाशी थांबवायला सांगितली होती. त्यांची शाळा असावी. मी म्हटलं, काका, यादीत नाही, सोमेश्वरला उशीर होईल. ते दिवसभर खिडकीकडे तोंड करून बसले. सोमेश्वरला आम्ही वीस मिनिटं आधीच पोहोचलो. ती वीस मिनिटं मला आजही टोचतात. काकूंना त्या मातीवर उभं बघून मी ठरवलं की यादी गेली खड्ड्यात.

"काकू, राहा माझ्याकडे," मी म्हटलं. "पंचवटीत घर आहे, मी आणि आमचे हे, दोघंच. पंचमी बघून जा. परत पाठवायची जबाबदारी माझी."

नितीनभाऊंचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यांनी माझ्या आधारकार्डाचा फोटो काढला, घर बघितलं, आमच्या ह्यांच्याशी बोलले, नळाला पाणी किती वाजता येतं ते विचारलं. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "आई फक्त बघणार. उतरणार नाही. दोन वर्षांपूर्वी दोन्ही गुडघे बदललेत तिचे. प्रॉमिस?" मी प्रॉमिस दिलं. मनापासून दिलं, कारण मलाही उतरायचं नव्हतं.

पुढचे तीन दिवस मी आयुष्यात पहिल्यांदा नाशिक बघितलं असं म्हटलं तरी चालेल. गाडीवर दुसरी बाई पाठवली आणि काकूंबरोबर पायी आणि रिक्षाने फिरले. दुसऱ्या दिवशी बुधवार होता. काकूंनी मला गंगेवरच्या बुधवारच्या बाजारात नेलं, 'मी' त्यांना नव्हे. तिथे पेठ तालुक्याकडची एक बाई पळसाची फुलं घेऊन बसली होती. काकूंनी ओंजळभर फुलं घेतली आणि तिला विचारलं, "रहाडीला देता का ही?"

"देतो ना, माय. लय पोती भरून गेली," ती म्हणाली.

काकू लहान पोरीसारख्या हसल्या. भांडी बाजारात तांब्याच्या तांब्यावर ठोके घालणाऱ्या कारागिराशेजारी त्या अर्धा तास बसल्या. तेवढ्या वेळात माझी गाडी तीन ठिकाणं उरकते. मिसळ खायला नेलं तर रस्सा तीनदा घेतला आणि वर म्हणाल्या, "आमच्या वेळी तिखट असायची." दिंडोरी रस्त्याच्या मळ्यात द्राक्षं तोडणीला आली होती, तिथे एका वाइनरीत शिरलो. ग्लास समोर येताच मी सवयीने मिरीचं वाक्य टाकलं. काकूंनी घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि ग्लास माझ्यापुढे सरकवला. "मिरी कुठेय दाखव." मी म्हटलं, मी घेत नाही. "मग तुला कसं कळलं?" एव्हाना त्या मला अगं-तुगं करायला लागल्या होत्या. मी मळ्याकडे बोट दाखवून विषय बदलला.

रोज संध्याकाळी मात्र आमचे पाय गल्लीकडे वळायचे. तिथे रहाडीचं सगळं बघणारे बाळूकाका होते, साठीचे, बनियनवर, आवाज बसलेला. पहिल्या दिवशी माती निघाली. दुसऱ्या दिवशी ओंडके. एकेक ओंडका आठ-आठ जण खांद्यावर घेऊन बाजूला ठेवत होते, आणि खाली हळूहळू काळा दगडी चौकोन उघडा पडत होता. काकूंनी माझा दंड धरला होता. शेवटचा ओंडका निघाला तेव्हा आतून ओल्या दगडाचा वास आला आणि काकू म्हणाल्या, "हाच. हाच वास खिडकीत यायचा!" वर्षानुवर्षं मी ज्या जागेवर उभी राहून बोलले, ती मीही कधी इतक्या जवळून उघडी बघितली नव्हती.

बाळूकाका काठावर येऊन म्हणाले, "काय माई, पूजेनंतर पयला तास बायांचा असतो आता. यायचं का?"

"यायचं," काकू म्हणाल्या.

मी काठापासून दोन पावलं मागे सरकले.

चौथ्या दिवशी सकाळी, पंचमीच्या आदल्या दिवशी, काकूंनी माझ्या स्वयंपाकघरात उभ्याने लेकाला फोन लावला. "नितीन, मी उतरणार आहे. विचारत नाहीये, सांगतेय." पलीकडून बराच वेळ आवाज येत राहिला. काकू शांतपणे लसूण सोलत होत्या. मग म्हणाल्या, "गुडघ्यांचं मला नको सांगूस. डॉक्टरांनीच मला वर्षभर पाण्यात चालायला लावलंय. कॉलनीच्या तलावात माझ्याइतकं कोणी चालत नाही." आणि फोन माझ्या हातात दिला.

"मंदाताई," नितीनभाऊंचा आवाज पडला होता, "ती ऐकणार नाही. पण तुम्ही सोबत उतराल ना? तुम्हाला दरवर्षीची सवय आहे, म्हणून मी हो म्हणतोय. नाही तर मी आत्ता तिकीट काढून तिला न्यायला येतो."

खरं बोलायची ती शेवटची संधी होती. एक वाक्य, आणि माझी सुटका होती. पण ते वाक्य बोलले असते तर काकू पुन्हा खिडकीत गेल्या असत्या, आणि या वेळी तर खिडकीही उरली नव्हती. काकू लसूण सोलायची थांबून माझ्याकडे बघत होत्या.

"हो हो," मी म्हटलं, "मी असते ना."

पंचमीला दुपारी गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. गच्चीवर माणसं, दुकानांच्या पत्र्यांवर माणसं, ढोल असा की छातीत वाजत होता. कढया सकाळपासून रटरटत होत्या, आणि बादल्या भरभरून रंग रहाडीत पडत होता. मानाच्या घरच्यांनी पूजा केली, नारळ फुटला, आणि बाळूकाकांनी उरलासुरला आवाज लावला: "पुरुष मंडळी मागं! पयला मान बायांचा!" त्या पिवळ्या पाण्यावर ऊन पडलं होतं. एवढा पिवळा रंग मी कुठे बघितलेला नाही, आणि मी झेंडूच्या मळ्यांतून गाड्या नेलेल्या आहेत. मंडळाच्या दोन पोहणाऱ्या मुली आधीच आत उतरून गळ्याएवढ्या पाण्यात उभ्या होत्या. एकामागून एक बायका धप्पे मारायला लागल्या. धप्! पाणी काठावर, काठावरून आमच्यावर. माझ्यातल्या भित्र्या मंदाला मागे ढकलून अंगात कोणीतरी दुसरीच नाचायला लागली होती.

काकू काठावर बसल्या, पाय खाली सोडले आणि तिथेच थांबल्या.

मी बघितलं तर त्यांचे दोन्ही हात दगडाला घट्ट धरलेले. ओठ पांढरे. पासष्ट वर्षं मनात धरलेली उडी समोर आली आणि बाईला धीर होईना. मागच्या बायका ओरडत होत्या, "मारा, काकू, धप्पा मारा!" पाण्यातल्या मुली हात पसरून होत्या. काकूंनी मान हलवली. मग माझ्याकडे वळल्या.

"तू आधी मार, मंदा. तुला सवय आहे."

आता काय सांगू! माझी वेणी आतापासूनच दुखत होती. खाली पिवळं पाणी, तळ दिसत नाही, सगळी गल्ली बघतेय, आणि शेजारी दिल्लीहून आलेली एक बाई माझ्या शब्दावर काठाशी बसलीय. मी देवाचं नाव घेतलं, नंतर चुलत्याचं घेतलं, नाक धरलं आणि सोडून दिलं स्वतःला.

धप्!

बाई गं. बर्फ! कढईतला रंग उकळता असतो हे खरं, पण तो एवढ्या मोठ्या गार हौदात ओतला की त्याचं काय उरणार, हा साधा विचार मला सत्तावीस वर्षांत शिवला नव्हता. श्वास घशात अडकला. कानात पाणी, नाकात पाणी, पायाला तळ लागेना, आणि मग लागला. मुलींनी मला वर धरलं. डोळे उघडले तर सगळं पिवळं, आणि वर काठावर वाकून बघणारा काकूंचा चेहरा.

"कसं आहे गं पाणी?" त्यांनी ओरडून विचारलं.

माझे दात एकमेकांवर आपटत होते. गार म्हटलं असतं तर त्या उठून गेल्या असत्या, मला खात्री होती. मी सगळा जीव एकवटला.

"को... को... कोमट!"

आणि काकूंनी हात सोडले.

त्या उडी मारून नाही आल्या, काठावरून अलगद सुटून आल्या, पण पाणी असं उडालं की बाळूकाका नखशिखांत भिजले. मुलींनी त्यांना पकडलं. त्या वर आल्या तेव्हा अंबाडा सुटलेला, पांढरे केस पिवळे, आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. मला वाटलं, झालं, काहीतरी झालं बाईला. मी "काकू! काकू!" करत त्यांच्याकडे ढकलत गेले. त्यांनी माझे दोन्ही खांदे धरले, श्वास घेतला आणि गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "खोटारडी!"

आणि हसायला लागल्या. मीही हसायला लागले. आम्ही दोघी त्या बर्फात एकमेकींना धरून इतक्या हसलो की पाण्यातल्या मुली घाबरल्या.

"मला पहिल्या दिवशीच कळलं होतं," काकू हसत हसत म्हणाल्या. "तू एकदाही उतरलेली नाहीस. माझे भाऊ इथून दात वाजवत घरी यायचे. आई बंब कशाला पेटवून ठेवायची?"

"मग आधी का नाही बोललात?"

"बोलले असते तर तू उतरली असतीस? आणि तू नसतीस उतरली तर मला कोणी उतरू दिलं असतं?" त्यांनी खिडकीच्या जागेकडे, त्या मोबाइलच्या दुकानाच्या पाटीच्या वर बघितलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, रंगाचं होतं की त्यांचं, ते काही कळलं नाही. "आता मला माहीत झालं आतून कसं वाटतं ते. दोघेही बरोबर बोलायचे. सांगून उपयोग नाही."

आम्ही पूर्ण तास आत होतो. बाळूकाकांनी तीनदा बाहेर या म्हणून सांगितलं. त्या तासानंतर मला पोटरीच्या वरच्या पाण्याचं काही वाटेनासं झालं. घरी आल्यावर आमच्या ह्यांनी आम्हाला दारातच थांबवलं आणि गिझर लावला. काकूंनी नितीनभाऊंना व्हिडिओ कॉल केला, तर पडद्यावर दोन पिवळ्या बायका बघून त्यांना आई कोणती ते ओळखू येईना.

दोन दिवसांनी काकू दिल्लीला गेल्या. माझ्या कानांमागचा रंग आठवडाभर निघाला नाही. तसेच पिवळे कान घेऊन मी गाडीवर गेले आणि लोकांना वाटलं गाइडला कावीळ झालीय. तेव्हापासून मी भाषण बदललं. आता बंद रहाडीवर उभी राहून सांगते, "पाणी गार असतं. दात वाजतात. श्वास अडकतो." बायकांचे डोळे आता भरून येत नाहीत, पण गाडीत बसल्यावर निदान तिघी-चौघी मला हळूच येऊन विचारतात, पंचमी नक्की कोणत्या तारखेला असते? वाइनच्या मिरीचं वाक्य मात्र तसंच ठेवलंय, एकदम सगळं सोडवत नाही.

हे लिहायला बसले होते तेवढ्यात काकूंचा फोन आला. येत्या पंचमीला कॉलनीतल्या तीन मैत्रिणींना घेऊन येते म्हणाल्या, एक मद्रासी, एक पंजाबी आणि एक बंगाली, सगळ्या सत्तरीच्या पुढच्या.

"त्या तयार झाल्या?" मी विचारलं.

"हो," काकू म्हणाल्या. "मी त्यांना सांगितलंय, पाणी कोमट असतं."